एकोणीस पुरचुंड्या

गाठी सोडायला मला दहा मिनिटंही लागली नाहीत. त्या पुन्हा बांधायला बसले त्याला आता तीन महिने होऊन गेले आणि निम्म्याही बांधून झालेल्या नाहीत.

देवळाली कॅम्पमधलं आजोळचं घर मामीने गेल्या दिवाळीआधी रिकामं करायला काढलं. माळ्यावरून पत्र्याचा एक बिस्किटांचा डबा निघाला. झाकण गंजून बसलेलं, उचलला तर दोन-सव्वादोन किलोचा. मामेभावाने पेचकसाने झाकण उचकटलं. आत आबांच्या, म्हणजे माझ्या आईच्या वडिलांच्या, पुरचुंड्या होत्या. कुठे खाकी कापड, कुठे रेघारेघांचं पायजम्याचं, एक तर लालभडक अस्तराची. सगळ्या पक्क्या गाठ मारलेल्या. "तुला असल्या जुन्यापान्याची हौस, तूच ने," मामी म्हणाली.

मी डबा घेऊन घरी, इंदिरानगरला आले. पलंगावर जुनी चादर पसरली आणि एकामागून एक एकोणीसच्या एकोणीस पुरचुंड्या सोडून चादरीवर रिकाम्या केल्या. चिंध्या तेलकट, कळकट होत्या, त्या केराच्या डब्यात टाकल्या. समोर चारशे बारा नाण्यांचा ढीग! सगळी परदेशी. लहानपणी पत्त्यांचा डाव पिसायचो तसा मी तो ढीग दोन्ही हातांनी हौसेने पिसला.

रात्री मामीचा फोन. "गाठी तशाच ठेवल्यास ना गं? आबा म्हणायचे, एका गाठीत एक गिऱ्हाईक."

मी गप्पच झाले.

मग मामीने जे सांगितलं ते मला चाळिशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हतं. आबांचं शिवणकामाचं दुकान होतं एवढंच मी ऐकून होते. दुसऱ्या महायुद्धात देवळालीचा कॅम्प सैनिकांनी भरलेला असे. कोणी आघाडीवरून आलेला, कोणी बोटीची वाट बघणारा. (इंग्रजीत डोकं फिरलेल्या माणसाला ‘डूलाली’ म्हणतात, तो शब्द आपल्या देवळालीचाच. बोटीची वाट बघून बघून गोरे सोजीर इथे कंटाळून वेडे व्हायचे म्हणून.) वर्दी आटवायला, ढोपर लावायला, बटणं बदलायला कपडे आबांकडे येत. खिसे उसवताना, अस्तर काढताना नाणी निघत. रुपये-आणे निघाले तर आबा मोजून परत देत. परदेशी चिल्लर मात्र गिऱ्हाईक हात झटकून परत करी, ‘ठेव तुला’ म्हणून. काहीजण कपडे टाकून निघून गेले ते परत आलेच नाहीत. आबा मग त्याच गिऱ्हाइकाच्या कापडाच्या उरलेल्या तुकड्यात त्याची नाणी बांधून ठेवत. कापडही त्याचं, नाणीही त्याची. पुढेमागे आलाच तर ओळख पटायला.

पहाटे घंटागाडी यायच्या आत मी केराचा डबा उलटा केला. चहाच्या चोथ्यातून आणि कांद्याच्या सालांतून एकोणीस चिंध्या मोजून काढल्या. धुतल्या नाहीत. त्या आठवड्यात मी केलेली शहाणपणाची गोष्ट म्हणाल तर एवढीच.

दुसरी चूक आईने केली, पण खापर तिच्यावर नको. मी ऑफिसला गेले आणि तिने मदत म्हणून सात तांब्याची नाणी चिंच-मीठ लावून देवाच्या भांड्यांबरोबर घासली. संध्याकाळी ती ताटात गुलाबी चमकत होती. पाच इंग्लंडच्या मोठ्या पेन्या, एक हाफपेनी, आणि एक इवलीशी फार्दिंग, जिच्यावर रेन नावाचा शेपटी उभारलेला चिमुकला पक्षी असतो. सराफ बाजारातल्या एका वयस्कर दुकानदाराला मी ती दाखवली तेव्हा त्याने हातात घेण्याआधीच विचारलं, "ताई, घासलीत का? मग ही नाणी राहिली नाहीत, भांडी झाली." तांब्यावर वर्षानुवर्षं चढलेला तपकिरी थर हा मळ नसतो. तो निघाला की धातूचा वरचा पापुद्राही जातो, आणि नवा रंग काही केल्या जुन्यासारखा येत नाही. नाणं धरायचं ते कडेला, दोन बोटांत. मऊ प्लास्टिकच्या पाकिटात ठेवायचं नाही, त्यातला पीव्हीसी काही वर्षांनी सुटून नाण्यावर हिरवा चिकट थर धरतो. मधे पारदर्शक खिडकी असलेल्या पुठ्ठ्याच्या चौकटी मिळतात, त्या स्टेपल करून त्यात ठेवायचं. हे सगळं त्याच दुकानदाराने उभ्याउभ्या सांगितलं, एक पैसाही न घेता.

मग मी रीतसर देशवार वाटणी सुरू केली. आता वाटतं, तीही घाईच होती. पण नाण्यांवरची अक्षरं वाचायला तिनेच शिकवलं. ‘हेल्वेटिया’ नावाचा देश मी अर्धा तास नकाशात शोधला. तो स्वित्झर्लंड निघाला. चार भाषांच्या देशाने नाण्यावर कोणाचीच भाषा नको म्हणून लॅटिन नाव घातलेलं. ‘माग्यार’ म्हणजे हंगेरी, ‘सुओमी’ म्हणजे फिनलंड. रशियन नाण्यांवर इंग्रजीसारखं ‘सीसीसीपी’ दिसतं, पण ती रशियन अक्षरं आहेत, वाचायचं ‘एसएसएसआर’. अरबी आकड्यांनी जास्त दमवलं. त्यांच्यात टिंब म्हणजे शून्य, आणि आपल्या शून्यासारखं गोल दिसतं ते पाच. इजिप्तच्या फारूक राजाच्या एका नाण्यावर मी १३०७ वाचलं आणि राजा जन्मायच्या आधीचं नाणं म्हणून हरखले. ते १३५७ होतं. हिजरी वर्ष आपल्या चालू वर्षापेक्षा अकरा दिवसांनी लहान, म्हणून नुसती बेरीज करून भागत नाही. आकड्याला ०.९७ ने गुणायचं आणि ६२२ मिळवायचे. १९३८ आलं. त्याच नाण्यावर इसवी सनही छापलेला होता, हे गुणाकार झाल्यावर दिसलं.

इटलीच्या नाण्यांवर आणखी तिसरीच कालगणना. वीस सेंतेसिमीच्या एका नाण्यावर १९४० आणि शेजारी रोमन आकड्यांत अठरा. मुसोलिनीने सत्ता घेतली त्या १९२२च्या ऑक्टोबरपासून मोजलेलं ते वर्ष. राजाचं तोंड एका बाजूला, हुकूमशहाचं पंचांग दुसऱ्या बाजूला.

लोहचुंबकाची गोष्ट सांगितलीच पाहिजे. रामकुंडावर पोरं दोरीला चुंबक बांधून गोदावरीतली नाणी काढतात, ते बघून मी भांडी बाजारातून तसलाच एक जाडजूड चुंबक आणला. तांबं, पितळ, चांदी, निकेलमिश्रित तांबं त्याला दाद देत नाही. पोलाद आणि शुद्ध निकेल चिकटतं. इटलीची दोन अगदी सारखी नाणी होती. एक टुणकन उडी मारून चिकटलं, दुसरं ढिम्म. मी दुसऱ्याला खोटं ठरवून बाजूला काढलं. नंतर कळलं की १९३९पासून इटलीने स्टेनलेस स्टीलची नाणी काढली, त्यात काही चिकटणारी आहेत आणि काही न चिकटणारी, दोन्ही अस्सल.

आणि एक अमेरिकेचा सेंट, १९४३चा, करड्या रंगाचा. हा चिकटला. युद्धात तांबं काडतुसांना लागत होतं म्हणून त्या एका वर्षी अमेरिकेने सेंट जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचा केला. चुकून तांब्यावर छापले गेलेले त्या वर्षाचे थोडे सेंट अतिशय दुर्मीळ आहेत, आणि तिथेच माझ्या मामेभावाचा घोटाळा झाला. त्याने कुठल्याशा व्हिडिओत ‘१९४३चा सेंट दहा लाखांना’ एवढंच ऐकलं, आपल्या सेंटचा फोटो टाकला आणि त्याला लगेच फोन आला. गिऱ्हाईक तयार आहे, आधी नोंदणीचे पंधराशे भरा. त्याने भरले. मग कराचे आठ हजार मागितले तेव्हा तो माझ्याकडे आला. अशा जुन्या नाण्यांच्या व्यवहारात आपलं नाव वापरून लोक शुल्क उकळतात, आपला त्याच्याशी काही संबंध नाही, असा इशारा रिझर्व्ह बँकेने २०२१मध्येच दिला आहे. मी त्याच्या हातात चुंबक दिला. सेंट टक्कन चिकटला. "ताई, म्हणजे लोखंडच की हे," तो म्हणाला आणि पंधराशेचा विषय पुन्हा काढला नाही.

चांदी काढून घेणं सोपं वाटतं, तसं नाही. इंग्लंडच्या शिलिंग, फ्लोरिनमध्ये १९१९पर्यंत ९२.५ टक्के चांदी, १९२० ते १९४६ निम्मी, आणि १९४७पासून चांदी अजिबात नाही. पहिल्या महायुद्धाने निम्मी नेली आणि दुसऱ्याने उरलेली. पूर्व आफ्रिकेच्या शिलिंगमध्ये १९४६पर्यंत जेमतेम चौथाई. सराफाकडे अशा नाण्यांना फार तर मोडीचा भाव मिळतो, आणि चौथाईवाल्याकडे तो बघतही नाही. वर्ष वाचून तीन ढीग केले, एकूण सव्वीस नाणी.

सव्विसातलं एक मात्र ताटलीएवढं. म्हणजे ताटली अतिशयोक्ती झाली, पण चार सेंटिमीटर व्यासाचं, भरघोस छातीची एक बाई आणि मागे दोन डोक्यांचा गरुड. सन १७८०. मामेभाऊ पुन्हा उसळला, "दोनशे चव्वेचाळीस वर्षं!" ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया थेरेसा हिचा हा थालर. ती १७८०मध्ये वारली, पण अरबस्तान आणि इथिओपियातल्या व्यापाऱ्यांना तिच्याच तोंडाच्या नाण्यावर विश्वास. दुसरं चालेना. म्हणून १७८० हेच साल घालून तो पुढे दोनशे वर्षं छापला जात राहिला. व्हिएन्नात, रोममध्ये, लंडनमध्ये, आणि युद्धकाळात १९४०-४१ला आपल्या मुंबईच्या टांकसाळीतसुद्धा! आफ्रिकेतल्या मोहिमेत स्थानिक लोकांना द्यायला इंग्रजांना ते लागत होते.

हा खरा आहे की पितळेवर मुलामा, ते घरीच तपासलं. मैत्रिणीचा दागिन्यांचा काटा आणला. कोरडं वजन २८.०५ ग्रॅम, असायला हवं २८.०७च्या आसपास. मग काट्यावर पाण्याचा चहाचा ग्लास ठेवून काटा शून्यावर आणला आणि नाणं दोऱ्याला बांधून पाण्यात सोडलं, तळाला आणि काठाला न टेकवता. काट्याने २.७५ दाखवलं. २८.०५ला २.७५ने भागलं की १०.२. थालरमध्ये ८३.३ टक्के चांदी आणि बाकी तांबं, त्या मिश्रणाची घनता एवढीच येते. पितळ असतं तर साडेआठच्या आसपास आली असती. आर्किमिडीज नववीत पाठ केला होता, कामी आत्ता आला.

नंतर नाशिकहून त्र्यंबकच्या वाटेवर अंजनेरीला गेले. तिथे डोंगराच्या पायथ्याशी १९८०मध्ये सुरू झालेली नाणकशास्त्राची संशोधन संस्था आणि नाण्यांचं संग्रहालय आहे. शाळेच्या सहलीला गेले होते तेव्हा लक्ष सगळं डब्यातल्या पुऱ्यांत. या वेळी तिथे उभी होते आणि डोक्यात जोगलटेंभी घोळत होतं. सिन्नर तालुक्यातलं हे गाव. १९०६मध्ये तिथे एका ठिकाणी तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली, क्षत्रप नहपानाची. त्यातल्या दोन तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. नहपानाचं राज्य त्याने घेतलं याला याहून बोलका पुरावा कोणता? पण तो पुरावा बोलला तो नाणी एकत्र सापडली म्हणून. ज्याला सापडली त्याने ती चादरीवर ओतून दुसऱ्या चार ढिगांत पिसली असती तर? प्रत्येक नाणं तेवढंच खरं राहिलं असतं आणि गोष्ट गेली असती. मी तिथे उभी राहून माझ्या केराच्या डब्याचा विचार करत होते, हे शेजारी उभ्या शाळकरी पोरांना कसं कळणार.

घरी आले आणि देशवार वाटणी मोडली. आता चिंध्यांकडून सुरुवात.

आधी जे गिऱ्हाइकांचं नव्हतंच ते बाजूला काढलं. त्याला इंग्लंडच्या राजाने मदत केली. १९४८पर्यंतच्या त्याच्या पेनीवर नावापुढे ‘इंड इंप’, म्हणजे भारताचा सम्राट, असं लॅटिनमध्ये असतं. १९४९च्या पेनीपासून ते गळलं. आपण स्वतंत्र झाल्याची पावती त्यांच्या चिल्लरीवर! पन्नासच्या पुढची दीडेकशे नाणी तर मामाच्या कुवेतच्या मित्रांनी, हवापालटाला देवळालीत येणाऱ्या पारशी-गुजराती कुटुंबांनी दिलेली, असं मामी म्हणते. ती चार मोठ्या, नव्या कापडाच्या पुरचुंड्यांत असावीत. टेरीकॉट युद्धात नव्हतं, त्यामुळे त्या चार चिंध्या ओळखू आल्या. हेल्वेटिया, माग्यार, सुओमी सगळे त्यात गेले. पंधरा उरल्या.

एक गोष्ट तर मी कितीही पिसलं तरी मिसळली नव्हती. पूर्व आफ्रिकेच्या दहा सेंटच्या नाण्याला मधे भोक असतं आणि भोकाभोवती हत्तीचे सुळे. अशी अकरा नाणी आबांनी खाकी दोऱ्यात ओवून गाठ मारून ठेवली होती. त्यातली तीन १९३६ची, आठव्या एडवर्डच्या नावाची. हा राजा वर्षभरही टिकला नाही, गादी सोडून गेला, आणि त्याच्या तोंडाची नाणी चलनात यायचीच राहिली. पण भोकाच्या नाण्यावर तोंड लागत नाही, नुसतं नाव लागतं, म्हणून आफ्रिकेत ती निघाली. भरपूर निघाली, त्यामुळे दुर्मीळ नाहीत. त्या ओवणीचा दोरा आणि एका खाकी चिंधीच्या कडेची टीप एकाच रिळाची. ही पहिली जोडी.

बाकीच्यांना ठशांनी ओळखलं. ऐंशी वर्षं गाठीत आवळलेलं नाणं कापडावर आपला आकार ठेवतं, तांबं हिरवट, लोखंड तांबूस. मी चिंध्या खिडकीच्या काचेवर चिकटपट्टीने लावल्या आणि सकाळच्या उन्हात पाहिल्या. एकीवर गोल कोपऱ्यांचे चौकोन, मलायाचे चौकोनी सेंट. एकीवर नागमोडी कडेचा ठसा, इराकचे चार फिल्स. एकीवर सहा कोनी अंधुक काळसर छाप, त्यावर इजिप्तचा १९४४चा सहा कोनांचा दोन पियास्त्रांचा तुकडा ठेवला तर कोनाला कोन बसला. त्याच चिंधीवर दोन अंधुक गोल होते. इटलीचं चिकटणारं नाणं त्या मापाचं. म्हणजे हा माणूस इजिप्तमधून इटलीत गेलेला. आपल्या मराठा पलटणी त्या वाटेने गेल्या होत्या, यशवंत घाडगे १९४४ला आणि नामदेव जाधव १९४५ला तिथेच व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी झाले. खिसा कोणाचा होता ते चिंधी सांगत नाही. इतकंच सांगते की खाकी कापड जाडंभरडं, साध्या शिपायाचं आहे.

लाल अस्तराच्या चिंधीवर एकच ठसा होता, चार सेंटिमीटरचा. अस्तर रेशमी, अंमलदाराच्या कोटाचं. थालर त्यावर ठेवला आणि मी आईला हाक मारली. तिने चष्मा लावून बघितलं आणि म्हणाली, "हा आबांनी मला खेळायला दिला होता. बाईच्या डोक्यावरचा पदर बघ म्हणायचे."

शंभर वर्षांवरची नाणी पुरावस्तू धरली जातात, ती देशाबाहेर पाठवता येत नाहीत, हे मामेभावाला सांगून ठेवलं आहे. त्याचा परदेशात विकायचा नवा बेत तसाही त्या थालरवर होता, आणि तो १७८०चा नसून युद्धकाळातला असायचीच शक्यता जास्त. विकायचं नाही असं मामीचं, आईचं आणि माझं ठरलं. भाव काढून ठेवला, सगळ्याचे मिळून तीस हजारांच्या आत. बराचसा चांदीचा.

आजपर्यंत पंधरापैकी सात गाठी परत बांधल्या. नाणी पुठ्ठ्याच्या चौकटीत, चौकटी डबीत, आणि डबीवर त्या गिऱ्हाइकाची चिंधी. गाठ आबांसारखी जमत नाही, सैल पडते. उरलेल्या आठ चिंध्यांवर ठसे आहेत, पण सगळे गोल आणि सगळे सारख्या मापाचे. पेनी म्हणावी तर पेनी, नाही तर आणखी काही. त्या आठ चिंध्या आणि एकशे सदतीस नाणी एका मोठ्या डब्यात ठेवली आहेत. सात घासलेलीही त्यातच. झाकणावर पट्टी लावून आबांच्या खुणेच्या खडूचा रंग असतो तसल्या निळ्या पेनाने लिहिलं आहे: ‘ही मी मिसळली. दिवाळी २०२४.’